चुलीपुढचं नाक

बालमित्रांनो, मी एक जुनं नाक आहे. हसलात ना? हसा, मला सवय आहे. डोळ्यांवर गाणी होतात, ओठांवर होतात, केसांवर तर ढिगानं होतात. माझ्या वाट्याला काय येतं? शेंबूड आणि म्हणी. कुणाची अब्रू गेली की कापायचं मला, कुणाला शरण आणायचं तर घासायचं मला, आणि उघडायचं तोंड असलं तरी दाबायचं मलाच. आजवर सगळं निमूट ऐकून घेतलं. आज मात्र बोलणार आहे, कारण माझ्यावर एक आळ आलाय आणि तो धडधडीत खोटा आहे.

मी मुळशीतल्या रिहे गावच्या कमळचं नाक. आळ असा, की माझं दुखणं कमळनं स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं. थंड पाणी पिते, ओल्या केसांनी फिरते, रात्रीचं दही खाते, म्हणून नाक बिघडलं. सगळं गाव हेच म्हणतं. आणि गावाचं एक वेळ सोडा, जो माणूस खरा जबाबदार आहे तोही मान हलवत हेच म्हणतो.

तुम्हाला सांगतो, कमळचं मागणं फार मोठं नव्हतं. तान्ह्या बाळाच्या टाळूला एक वास असतो. तेलाचा, दुधाचा आणि आणखी कशाचा तरी, ज्याला नाव नाही. कमळला तिच्या नातवंडाच्या टाळूचा तो वास घ्यायचा होता. एवढ्याचसाठी तिनं मला कापून घ्यायलाही परवानगी दिली. पुढं जे झालं ते ऐका आणि मग मला दोष द्या.

माझा जन्म माले गावचा, म्हणजे कमळच्या माहेरचा. जन्मलो तेव्हा मी चांगला चपटा होतो. तिची आजी रोज आंघोळीच्या वेळी तेलाचं बोट लावून मला वर ओढायची आणि म्हणायची, "पोरीच्या जातीला नाक सरळ पायजेल." ओढून ओढून तिनं मला सरळ केलं. पुढं सोनारानं टोचून चमकी घातली, तेव्हा मी दोन दिवस फुगून बसलो होतो. त्या चमकीचं कौतुक मात्र आजतागायत चाललंय. एवढंसं सोनं बाहेर मिरवलं ते सगळ्यांना दिसतं, आत काय भरलं ते कुणी बघायला गेलं नाही.

माझं काम तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही, बरं का. दारात माझ्याकडं केसांची जाळी असते. आत चिकट ओलावा असतो, आणि त्या ओलाव्याखाली डोळ्यांना न दिसणारे इवले इवले केस रात्रंदिवस झाडू मारत असतात. शेतातली माती, भाताचा कोंडा, गवताची कुसं, फुलांची भुकटी, सगळं मी दारात अडवतो आणि बाहेर हाकलतो. शिंक आली की तुम्ही वैतागता. अरे, ती शिंक म्हणजे माझी पहारेकऱ्याची काठी आहे.

आणि वास! कमळ लग्न होऊन रिह्याला आली तेव्हा तिची सासू चार बायकांत सांगायची, "हिचं नाक लई तिखट." खोटं नव्हतं ते. आंबेमोहोर भात पोटरीतून बाहेर पडला की बांधावर पाय ठेवायच्या आधी मी कमळला सांगायचो. दूध उतू जाणार हे अंगणातून कळवायचो. तिचा अमोल तान्हा होता तेव्हा ती दिवसातून दहादा त्याच्या टाळूला मला टेकवायची. ताप यायच्या आदल्या दिवशी त्या टाळूला किंचित आंबूस वास यायचा, आणि ताप चढायच्या आत कमळ काढा करून मोकळी व्हायची. रामदास, म्हणजे तिचा नवरा, कौतुकानं म्हणायचा, "डॉक्टरला काय करायचंय, आमच्याकडं हिचं नाक हाय." असे माझे सोन्याचे दिवस होते.

तेव्हाही घरात चूल होती, हे मी लपवणार नाही. ओल्या सरपणाचा धूर मी बरीच वर्षं सोसला. पण अमोल कमावता झाला आणि त्यानं पहिली कुठली गोष्ट आणली असेल तर गॅस. कमळनं त्या शेगडीला हळदकुंकू लावलं आणि चूल परसात नेऊन तिच्यावर राखेची पाटी उपडी घातली. मित्रांनो, मी सुटलो. कित्येक वर्षांनी माझे झाडूवाले जरा टेकले असतील. वाटलं, आता उरलेलं आयुष्य सुखात जाणार.

पण सुख कुठलं नशिबात! माले गावाजवळ, मुळशी धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून निरंजन नावाच्या पुण्याच्या माणसानं जेवणाचं हॉटेल काढलं. कौलारू मांडव, शेणानं सारवलेलं अंगण, दाराशी बैलगाडीचं चाक. आणि वर हा मोठा फलक, 'खरं चुलीवरचं जेवण'. शहरातल्या लोकांना म्हणे चुलीची आठवण येते. ज्यांनी आयुष्यात कधी फुंकणी हातात धरली नाही, त्यांना कशी काय आठवण येते, हे मला आजही कळलेलं नाही. ज्या धुरातून आमच्या बायका एवढ्या मुश्किलीनं बाहेर पडल्या, तोच धूर आता ताटात वाढून हवा होता. मग त्या धुरापुढं बसणार कोण? आमचीच बाई.

निरंजननं कमळला बोलावून घेतलं. माणूस गोड, 'कमळताई' म्हणून हाक मारणारा, जाताना डबा भरून देणारा. वाईट असता तर सोपं झालं असतं. त्यानं रामदासलाही गाड्या लावून द्यायला ठेवलं, आणि अमोलच्या टेम्पोला हॉटेलचा माल आणायचं काम दिलं. सगळं घर एका दावणीला बांधलं गेलं, आणि तेही आनंदानं.

चूल मागच्या बाजूला असती तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही, ती अगदी पुढं हवी, पाहुण्यांना दिसायला. म्हणजे कमळच्या एका बाजूला चूल आणि दुसऱ्या बाजूला, चार हातांवर, गाड्या. शनिवार-रविवारी त्यांची ही रांग लागायची. टेबल मिळेपर्यंत मंडळी गाडीतच बसायची, काचा वर, आत गारवा आणि इंजिन चालू. रामदास शिट्टी वाजवून गाडी मागं घ्यायचा आणि गाडीची धुराची नळी नेमकी माझ्या दिशेला यायची. बिचाऱ्याला काय ठाऊक!

आणि सरपण! आता तुम्ही म्हणाल, चुलीत बाभळीची लाकडं असतील, शेणी असतील. रानातलं लाकूड तोडू देत नाहीत आणि वखारीचं परवडत नाही, म्हणून निरंजननं युक्ती काढली. पुण्याजवळ महाळुंग्याला इमारतींवर इमारती उठतायत. तिथं स्लॅब ओतायच्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे, रंग लागलेल्या चौकटी, सगळं फेकायला असतं. अमोल टेम्पो भरून ते आणायचा. डिंकाचं, रंगाचं, खिळ्यांसकट लाकूड. मांडवात बसलेले पाहुणे ज्या इमारतींत राहतात, त्यांच्याच भंगारावर त्यांची 'गावरान' भाकरी भाजत होती. आणि वर एखादी बाई घास घेऊन डोळे मिटून म्हणायची, "काय अस्सल धुराची चव आहे हो!" माझ्या जिभेवर आलं होतं, पण जीभ माझ्या मालकीची नाही.

मी काही गप्प बसलो नव्हतो. पहिल्या दिवसापासून शिंकून शिंकून कमळला बजावलं. पण कमळचं एक ठाम गणित होतं, जे आमच्याकडच्या सगळ्या बायकांचं असतं. डोळा चुरचुरला तर धूर, नाहीतर धूर नाही. त्या वाळक्या फळ्या भडाभडा जळायच्या, डोळ्यात पाणी यायचं नाही. कमळ सोनमला, म्हणजे अमोलच्या बायकोला, घरी येऊन सांगायची, "न्हाई गं, तितं धूरच न्हाई. आपल्या जुन्या चुलीपरीस लई बरं."

इथंच घात झाला, मित्रांनो. जो धूर दिसतो तो बापडा मोठा असतो. त्याला मी अडवतो, डोळे त्याच्यावर रडतात, माणूस उठून बाजूला होतो. पण भडकत्या फळीतून, रंगातून, गाडीच्या नळीतून जे कण निघतात ते इतके बारीक, की एका केसाच्या जाडीत हजारभर ओळीनं बसतील. माझी जाळी त्यांच्यापुढं म्हणजे उघडं मैदान. ओलाव्यात ते बुडतात, झाडूवाल्यांना दिसत नाहीत, आणि थेट माझ्या मांसात शिरून घर करतात. काजळी, लोखंड, रंगातली धातूची भुकटी. आत काही टोचतंय हे मला कळायचं, पण काय ते कळायचं नाही. मग मी सुजायचो. मित्रांनो, सुजणं हा माझा गुन्हा नव्हे. परका घरात शिरला की कुणीही आरडाओरडा करतो.

सूज आली ती गेलीच नाही. कपाळात, गालांत, डोळ्यांच्या मागं ज्या पोकळ्या असतात त्यांच्या मोऱ्या तुंबल्या. दाट, पिवळा शेंबूड घशात उतरायला लागला. सकाळी उठली की कमळचं डोकं दगडासारखं जड. वाकून भाकरी थापताना कपाळात कळ यायची. मग सुरू झाले उपाय. निरगुडीचा वाफारा झाला, सुंठ झाली, लसणाचं तेल झालं. शेजारीण म्हणाली, नाकाचं हाड वाढलंय. मेडिकलवाल्यानं थेंब दिले. आणि सल्ले तर काय विचारू नका. थंड पाणी पिऊ नको, डोक्यावरून आंघोळ करू नको. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच! चुलीचं नाव एकाच्याही तोंडी आलं नाही.

आणि मग वास गेला. एकदम नाही गेला. आधी कोथिंबिरीचा गेला, मग खोबऱ्याचा, मग आंबेमोहोराचा. एका रविवारी कमळनं आंबलेला रस्सा वाढायला पाठवला आणि तिला पत्ताच लागला नाही. पाहुण्यांनी ताट बाजूला सारलं. निरंजन ओरडला नाही, हळू आवाजात म्हणाला, "ताई, लक्ष कुठंय तुमचं?" ज्या नाकाची चार बायकांत वाहवा व्हायची, त्याच्यामुळं तिला मान खाली घालावी लागली. 

तरी तिनं सोसलं असतं. पण सोनमला दिवस गेले. ती गोड बातमी ऐकली आणि कमळ पहिल्यांदा दवाखान्यात जायला आपण होऊन उठली. डॉक्टर अफरीन नाककानघशाच्या. पौडच्या बाजारपेठेत त्यांच्या घरचं बियाण्यांचं दुकान आहे, कमळ दर साल तिथूनच भाताचं बी नेते. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात त्या नोकरीला असतात. त्यांनी विचारलं, "काय होतंय मावशी?"

डोकं दुखतं, श्वास कोंडतो, हे सगळं सांगायचं सोडून कमळ म्हणाली, "बाई, मला नातवंडाच्या टाळूचा वास घ्याचाय. तेवढं करून द्या."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यात दुर्बीण घातली. आत द्राक्षाच्या मण्यांसारखे फुगवटे आले होते, सगळी वाट अडवून बसलेले. "ऑपरेशन करावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि तुमची हरकत नसली तर काढलेला तुकडा आम्ही तपासायला पाठवू. माणसांच्या नाकात हवेतनं काय काय साठतं, ते आम्ही शोधतोय." कमळ म्हणाली, "न्या की. मला काय त्याचं लोणचं घालायचंय?"

ऑपरेशन झालं. चमकी काढली, मला आतून साफ केलं. आठवडाभर मी रक्त आणि खपल्यांनी भरलेला होतो. मग एका दुपारी, मला धुऊन घ्यायला म्हणून कमळ दवाखान्यात गेली असताना, शेजारच्या बाकावरच्या बाईनं डबा उघडला आणि मला मेथीच्या भाजीचा वास आला. लसूण घालून परतलेली मेथी! कमळ त्या अनोळखी बाईच्या डब्याकडं बघत घळाघळा रडायला लागली. ती बाई घाबरून म्हणाली, "घ्या हो, तुम्ही पण खा." त्या दिवशीइतका मान मला सोन्याच्या चमकीनंही कधी दिला नव्हता.

तुकड्याचा निकालही आला. डॉक्टरीणबाईंनी कमळला आणि अमोलला जवळ बसवून कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. कमळला वाटलं, तीळ सांडलेत. त्या म्हणाल्या, "हे तुमच्या नाकाचं मांस आहे, मावशी. आणि हे काळे ठिपके काजळी आणि धातू. लोखंड आहे, रंगात असते ती धातूची भुकटी आहे. तुमचा आजार फक्त यानंच झाला असं मी छातीठोक सांगणार नाही, त्यावर अजून शोध चाललाय. पण हे बाहेरून आत गेलंय, आणि अशानं सूज धुमसत राहते, एवढं आम्हाला दिसतंय. आता धुरापुढं बसायचं नाही. बसलात तर फुगवटे परत येतील, वासही जाईल."

अमोल त्या चित्राकडं बघत राहिला. "रंग तिच्या नाकात कुटून आला?" त्यानं विचारलं.  गाडीत बसल्यावर त्यानं चावी लावायला बराच वेळ घेतला.

महिना-दीड महिना मी राजा होतो. सोनमच्या ओटीभरणाला कमळनं घरी गॅसवर आंबेमोहोराचा भात केला आणि वाफ मुद्दाम माझ्यावर घेतली. मग निरंजन आला. फळांची पिशवी घेऊन ओसरीवर बसला. "ताई, पाहुणे तुमचं नाव काढून विचारतात. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती चव नाही. फक्त शनिवार-रविवार या." कमळ म्हणाली, "डॉक्टरीणबाई न्हाई म्हन्त्यात, दादा. चुलीपुढं बसायचं न्हाई."

"ते सिद्ध झालंय का?" तो अगदी सौम्यपणे म्हणाला. "त्यांनीच सांगितलं ना, नक्की नाही म्हणून? आपल्या आज्या-पणज्या जन्मभर चुलीवर स्वैपाक करत होत्या. आणि तरी मी तुमच्यासाठी सोय केलीय. मोठा उभा पंखा आणलाय."

ऐका! एक बाई शिकून सवरून प्रामाणिकपणे म्हणते, मला सगळं ठाऊक नाही. आणि हा तेवढाच तुकडा उचलतो, आणि त्यावर स्वतःचा गल्ला मांडतो. खात्री नाही म्हणून कमळनं धूर घ्यावा. खात्री नाही म्हणून ह्यानं एक दिवस चुलीपुढं बसून बघावं, असं का नाही? आणि आज्या-पणज्यांचं म्हणाल, तर त्या खोकत खोकत गेल्या, त्यांना कुणी दुर्बीण लावली होती?

पण माझं कोण ऐकतं! रामदास खाली मान घालून बसला होता. त्याची नोकरी त्याच मालकाची, अमोलच्या टेम्पोचं भाडं त्याच मालकाचं, आणि सोनमचं बाळंतपण तोंडावर. कमळनं रामदास, अमोल आणि सोनम, तिघांच्या तोंडाकडं पाहिलं. ती म्हणाली, "पंखा हाय म्हन्ता, तर येते."

पंखा होता. खोटं कशाला बोलू? मोठा, उभा, जोरात फिरणारा. फक्त तो कमळच्या मागं नव्हता. तो पाहुण्यांच्या टेबलांमागं उभा केला होता आणि त्याचं तोंड चुलीकडं होतं. धूर पाहुण्यांकडं जाऊ नये म्हणून! जेवणाऱ्यांना चव हवी, खोकला नको. सगळा झोत चुलीवरून थेट कमळच्या तोंडावर. पहिल्याच दिवशी मला कळलं, की ही सोय कुणाची आहे. कमळलाही कळलं. पण काम हातात होतं आणि समोर माणसं बघत होती.

पुन्हा तीच उतरण. आधी कोथिंबीर, मग खोबरं. या खेपेला कमळनं कुणालाच सांगितलं नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून ती तांदळाच्या डब्यात मला घालायची. रोज वास थोडा आणखी लांब जायचा. सोनमला नववा लागला त्या आठवड्यात डब्यातून काहीच आलं नाही. कमळ तांदळात बोटं घालून कितीतरी वेळ तशीच बसली, आणि मी तिच्या चेहऱ्याच्या मधोमध नुसता उभा होतो, कामाविना.

त्याच रविवारची गोष्ट. मांडव भरलेला. पुढच्या टेबलावरची एक तरुणी मोबाईल धरून उठली आणि लाडानं म्हणाली, "मावशी, जरा धूर जास्त येऊ द्या ना. व्हिडिओत छान दिसतो."

कमळनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. पदरानं हात पुसले. उठली, टेबलांच्या मधून चालत पंख्यापाशी गेली, आणि तो सरळ उचलून आणून चुलीच्या मागं ठेवला, तोंड पाहुण्यांकडं करून. मग चुलीत रंगीत फळीचे दोन तुकडे आणखी सारले.

बघता बघता मांडवात धूर भरला. कुणी खोकायला लागलं, कुणी पोराच्या तोंडावर रुमाल धरला. मोबाईलवाली मागं सरली आणि म्हणाली, "अहो, हे काय करताय? लहान मुलं आहेत इथं."

"हायेत की," कमळ म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "ह्योच धूर हाय, बाई. तुमी मगाशी ज्याला चव म्हनत हुता, त्योच. म्यां नवा काय आनला न्हाई. मी रोज हितं बसून घेतीया, तुमी येक डाव घ्या."

निरंजन धावत आला. "कमळताई, वेड लागलंय का? पंखा फिरवा तो."

"फिरीवलाय की," कमळ म्हणाली. "तुमी म्हनला हुता न्हवं, धुरानं हुतं ह्ये शिद्ध न्हाई. मग कशापायी पळायल्यात समदी?"

 निरंजन पंख्याकडं वळला. तिकडं अमोल टेम्पोतून फळ्या उतरवत होता, तो थांबला. हातातली निळ्या रंगाची फळी त्यानं उलटीसुलटी करून पाहिली, परत टेम्पोत टाकली, आणि उतरवलेल्या बाकीच्या एकेक करून पुन्हा चढवल्या. रामदासनं गळ्यातली शिट्टी काढली आणि गल्ल्यावर ठेवली. तिघं टेम्पोत बसून घरी गेले. मित्रांनो, खूप दिवसांनी मी चारचौघांत ताठ उभा होतो. वास येत नव्हता, तो भाग निराळा.

आता तुम्हाला वाटेल, हॉटेल बंद पडलं असेल, निरंजनला पश्चात्ताप झाला असेल. कसलं काय! पुढच्याच शनिवारी चुलीपुढं दुसरी बाई होती, वरच्या वाडीतली, तरणीताठी. पंखा पुन्हा टेबलांमागं. आणि गावात बोललं जातं, की कमळनं उगाच डोक्यात राख घालून घेतली, नाकही तिनंच दही खाऊन बिघडवलं. निरंजन म्हणतो, "ताईंनी पथ्य पाळलं नाही हो."

पथ्य! हा शब्द ऐकला की माझी अजून आग होते. श्वास घेणं सोडून कमळनं आणखी कुठलं पथ्य पाळायला हवं होतं? अन्न नको म्हणता येतं, पाणी उकळून घेता येतं. हवा जी समोर असेल तीच मला घ्यावी लागते. मी नाक आहे, मला झाकण नाही.

सोनमला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण घरी आल्यावर सोनमनं पोरीला दुपट्यात गुंडाळून कमळच्या मांडीवर दिलं. टाळूवर नुकतंच तेल घातलेलं होतं, मऊ टाळू श्वासाबरोबर हलत होती. कमळ वाकली. तिनं मला त्या टाळूला टेकवलं आणि खोल श्वास घेतला. मी जीव एकवटला. सगळ्या वाटा चाचपून पाहिल्या. ओठांना तेल लागलं, गालाला ऊब लागली. मला काही आलं नाही.

सोनम हसत बघत होती. "आत्या, कसा येतुया वास?"

कमळनं डोळे मिटले. "तुझ्या नवऱ्याच्या टाळूला यायचा," ती म्हणाली, "तस्साच."

ती खोटं बोलली, मित्रांनो. साक्षीला मी होतो.

डॉक्टरीणबाई म्हणतात, औषध चालू ठेवा, धूर नसेल तर सूज उतरेल, नाही उतरली तर पुन्हा ऑपरेशन करून बघू. वास परत येईल का, हे त्या नक्की सांगत नाहीत, आणि मला त्यांचा राग नाही. मीही धीर धरून आहे. कमळ रोज पोरीला मांडीवर घेते आणि मला तिच्या टाळूवर ठेवते. पण बाळाची टाळू काही जन्मभर मऊ राहत नाही. ती भरत जाते, आणि तो वासही जातो.

मित्रांनो, तुमची नाकं अजून लहान आहेत, कोवळी आहेत. त्यांच्यात काय जातंय ते मोठ्यांना विचारा, आणि "दिसत तर काही नाही" असं उत्तर आलं तर गप्प बसू नका. गाडी उभी असेल तर बाबांना इंजिन बंद करायला लावा. आणि कधी मुळशीच्या रस्त्यानं गेलात, चुलीवरची भाकरी खायची इच्छा झाली, तर आधी उठून त्या चुलीपाशी जा. भाकरी थापणाऱ्या बाईच्या शेजारी, पंख्याच्या झोतात, बसा. तुमची भाकरी होईपर्यंत बसा. ती तिथं दिवसभर बसते, आणि तिच्याही घरी कुणीतरी तान्हं असेल.